गाजर गवताची ॲलर्जी: सेटिरिझिनने आबांची खाज का थांबत नाही?

सासवडकर:
आबा ६४ वर्षांचे. तीन वर्षं झाली, पावसाळ्यात बांधावरचं गाजर गवत उपटलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या सुजतात, मान आणि कोपराची खोबण लाल होऊन चिघळते. आता तर उन्हाळ्यातही जात नाही. मानेची कातडी जाड, काळी झालीय. रोज सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतात. रक्तातलं आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) नॉर्मल आलं. मग ही ॲलर्जीच नाही का? रात्री उठून ओल्या फडक्याने मान पुसत बसतात, बघवत नाही.

त्वचा_ओपीडी:
दादा, ॲलर्जीच आहे, पण वेगळ्या पेशींची. शिंका, अंगावरच्या गांधी हे कातडी-नाकातल्या मास्ट पेशींचं काम. त्यांच्यावर आयजीई चिकटलेलं असतं, परागकण भेटला की काही मिनिटांत हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सुटतं. सेटिरिझिन अडवतं ते या हिस्टामिनला.

आबांच्या बाबतीत गवतातलं पार्थेनिन नावाचं रसायन कातडीत मुरतं आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतं. लँगरहॅन्स पेशी (कातडीतल्या पहारेकरी पेशी) ते उचलून लसिकाग्रंथीत नेतात आणि टी पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) ओळख पटवून देतात. ती ओळख वर्षानुवर्षं टिकते. पुन्हा संपर्क आला की टी पेशी कातडीत जमायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून आबांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास होतो. आयजीई तपासून हे कळणारच नाही. पॅच टेस्ट करा. पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी बघतात, मग परत एक-दोन दिवसांनी.

उपचारही टी पेशींवरचेच: स्टेरॉइड मलम आणि जुनाट आजारात ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. त्यात पांढऱ्या पेशी आणि लिव्हर नियमित तपासावं लागतं. कळकळीने सांगते, मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर आणून देऊ नका. ओपीडीत अशी सुजलेली, साखर वाढलेली माणसं बघून जीव तुटतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंद झालेलं हे गवत, आणि अजून आपले शेतकरी ते उघड्या हातांनी उपटतात.

बांधावरची_ताई:
आमच्या सासऱ्यांना हेच होतं. नुसतं हात न लावून भागत नाही, वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्यावर येतो. कपडे घरात वाळवा. पावसाळ्यात मेक्सिकन भुंगे सोडा, पानं फस्त करतात.

सासवडकर:
पॅच टेस्ट झाली. गाजर गवताच्या पट्टीखाली लाल पुरळ, बाकी पाठ स्वच्छ. मलम सुरू केलंय, रक्ततपासणी सोमवारी. गवत आता धाकटा भाऊ हातमोजे घालून, फुलावर यायच्या आत काढतो. आबा ओट्यावरून सांगत असतात, मुळासकट काढ.