मदत हवी आहे: स्टायरीनची भिंत दहा दिवसांनी वाकली, वाचवता येईल का?

मंडळी, एचओ (१:८७) मापाच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी दुमजली माल-गोदाम करतोय. किट नाही, स्टायरीन या प्लास्टिकच्या कोऱ्या शीटमधून सगळं हातानं. ३.५ मिमी म्हणजे एक फूट हे गणित डोक्यात बसलं, दारं-खिडक्या मापात आल्या, आणि मी हवेत होतो.

समोरची भिंत २१० मिमी लांब, ८० मिमी उंच. आत १ मिमीची साधी शीट, बाहेरून ०.५ मिमीची विटांच्या नक्षीची. खिडक्या २२. प्रत्येकीच्या चारही कोपऱ्यांत आधी बारीक भोक, मग पट्टी धरून पात्याचे हलके हात, तुकडा अंगठ्यानं दाबून काढायचा आणि कडा कानशीनं साफ. तीन रविवार यातच गेले. मग साध्या शीटवर रुंद ब्रशनं सढळ हातानं सॉल्व्हंट फिरवलं, विटांची शीट बसवली, वर जाडजूड पुस्तकं ठेवली.

दुसऱ्या दिवशी भिंत रुळासारखी सरळ. दहा दिवसांनी चौकटी लावायला घेतली, तर काचेवर ठेवल्यावर डावं टोक ३ मिमी वर. बाक विटांच्या बाजूला आहे. गंमत म्हणजे बाजूच्या छोट्या भिंती अशाच केल्यात, त्या ठणठणीत आहेत. गरम पाण्यात बुडवून दाबावी म्हणून एका टाकाऊ तुकड्यावर प्रयोग केला, त्याचा पापड झाला. भिंत फेकायची माझी तयारी नाही. काय करू?

प्रतिसाद १
'सढळ हातानं' इथेच घोळ आहे. सॉल्व्हंट म्हणजे गोंद नव्हे, ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं आणि मग उडून जातं. दोन शीटांच्या मध्ये कोंडलं तर त्याला बाहेर पडायला आठवडे लागतात, आणि तोवर मऊ पडलेलं प्लास्टिक हळूहळू ओढलं जातं. छोट्या भिंतीत कडा जवळ, म्हणून त्या सुटल्या. एक सांगा, डाव्या टोकाला खिडक्या आहेत का?

धागाकर्ता
नाहीत! तिथे पाटीसाठी ६० मिमी भिंत कोरी सोडलीय. भिंत नाकाजवळ नेली तर अजून वास येतोय.

प्रतिसाद १
मग बरोबर. उजवीकडे खिडक्यांतून वाफ निघाली, डावीकडे वाटच नव्हती. कोऱ्या भागात मागून १.५ मिमीची भोकं पाडा, साधारण १५ मिमी अंतरावर. ड्रिल हातानं फिरवा, विटांपर्यंत जाऊ देऊ नका. मग काचेवर चिकटपट्टीनं सपाट बांधून वजनाखाली ठेवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत विसरून जा. पुढच्या वेळी भोकं आधी पाडा आणि सॉल्व्हंट बारीक ब्रशनं कडेला टेकवा, फटीत ते आपोआप ओढलं जातं.

प्रतिसाद २
भोकांशी सहमत. पण काही जण आतून आणखी एक ०.५ मिमीची शीट लावून दोन्हीकडचा ताण सारखा करतात. नव्या भिंतीला ते उत्तम. ओल्या भिंतीवर मात्र आगीत तेल. त्यापेक्षा वास गेला की मागे ३ मिमीच्या चौकोनी पट्ट्या आडव्या लावा, आणि मधल्या मजल्याची फरशी गुण्यात (नेमक्या काटकोनात) कापून आत बसवा. भिंतीला खरी शिस्त ती फरशी लावते. इमारत तळाशी बंद करणार असाल तर तिथेही भोक ठेवा, नाहीतर हीच कथा चारही भिंतींची होईल.

धागाकर्ता
दोन आठवड्यांनी: वास गेला. ३ मिमीचा बाक जेमतेम अर्ध्या मिमीवर आला, उरलेला फरशीनं दाबला. एका जागी ड्रिल आरपार गेलं. तिथे आता पावसाच्या पाण्याचा पाइप येणार आहे, मूळ आराखड्यात नसला तरी.

आता खिडक्यांची पारदर्शक शीट. सुपरग्लूनं नमुन्याच्या एका तुकड्यावर पांढरी धुरकट झाक आली. दुसरं काय वापरता?

प्रतिसाद २
पांढरा गोंद, टाचणीच्या टोकानं. आणि तेही रंगकाम पूर्ण झाल्यावर.