दोन सी-१८ कॉलम खरंच सारखे आहेत का, कसं ठरवायचं?

अंबड_क्यूसी
आमच्या एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मेथडमध्ये २५० मिमी लांब, ४.६ मिमी व्यासाचा, ५ मायक्रॉन कणांचा सी-१८ कॉलम (१८ कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या सिलिकाने भरलेली नळी) आहे. दुसऱ्या कंपनीचा त्याच मापाचा लावला तर बेसिक (अल्कधर्मी) औषधाचं पीक (आलेखावरचा उंचवटा) शेपूट काढतं आणि शेजारची इम्प्युरिटी त्यात बुडते. पीएच ७, मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) तोच. कार्बन लोडही (सिलिकावर बसवलेल्या कार्बनचं प्रमाण) कागदावर सारखाच. कॉलमचा स्वभाव मोजायची काही पद्धत आहे का?

सातपूर_एचपीएलसी
कार्बन लोडवरून उघडे सिलॅनॉल (सिलिकावरचे मोकळे ओएच गट, बेसला धरून ठेवणारे) किती ते कळत नाही, आणि तुमचा त्रास तिथलाच वाटतो. तनाका टेस्ट (ठरावीक संयुगांच्या जोड्यांनी कॉलम तपासण्याची पद्धत) लावा. ओव्हन ४० अंशांवर, फ्लो मिनिटाला १ मिली. टी-झीरोसाठी (कॉलममध्ये न अडकता बाहेर पडायची वेळ) युरॅसिल, या मापात ते साधारण अडीच मिनिटांना येतं. प्रत्येक पीकच्या वेळेतून टी-झीरो वजा करा, टी-झीरोनेच भागा, म्हणजे रिटेन्शन फॅक्टर (कॉलम किती धरून ठेवतो तो आकडा). मग खालच्या जोड्यांच्या फॅक्टरचं गुणोत्तर काढा.

मिथेनॉल-पाणी ८०:२० मध्ये पेंटिलबेंझिन/ब्युटिलबेंझिन (हायड्रोफोबिक पकड) आणि ट्रायफेनिलिन/ऑर्थो-टरफेनिल (आकार ओळखण्याची ताकद). ३०:७० मध्ये कॅफिन/फिनॉल (हायड्रोजन बंधाची पकड). शेवटी ३०:७० मध्येच पाण्याऐवजी २० मिलीमोलर फॉस्फेट बफर घेऊन बेंझिलअमाइन/फिनॉल, एकदा पीएच २.७ ला, एकदा ७.६ ला. तुमच्यासाठी कामाचा आकडा हाच ७.६ चा. चांगल्या एंडकॅप केलेल्या (उरलेले सिलॅनॉल झाकलेल्या) कॉलमवर तो अर्ध्याच्या आतच राहतो. १ च्या वर गेला तर बेस सिलॅनॉलला चिकटतोय हे नक्की.

सिन्नर_लॅब
क्रम बदलू नका. बिनबफरच्या चाचण्या आधी, नाहीतर उरलेला फॉस्फेट कॅफिनचा आकडा बिघडवतो. ७.६ सर्वांत शेवटी, सिलिका त्याने झिजते. पीएच मिथेनॉल घालायच्या आधी मोजायचा. बेंझिलअमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून रोज ताजं द्रावण करा. डिटेक्टरच्या २५४ नॅनोमीटरला ते फिकं दिसतं, २१० ते २१५ बघा. म्हणून जास्त नमुना टोचायचा मोह मात्र आवरा: ओव्हरलोड झालेला बेस स्वतःच शेपूट काढतो आणि दोष कॉलमच्या माथी बसतो. प्रोब (चाचणीची संयुगं) मोबाइल फेजमध्येच विरघळवा. ओव्हन बंद ठेवून आकडे घेऊ नका. नाशिकच्या थंडीत सकाळ-दुपारच्या तापमानात इतका फरक असतो की रिटेन्शन हलतंच. आयन-पेअर (आयनांशी जोडी जमवणारं रसायन) लावलेला जुना कॉलम तर तुलनेला घेऊच नका.

अंबड_क्यूसी
नव्या कॉलमची निवडही यावरूनच करू का?

सातपूर_एचपीएलसी
निवडीला यूएसपीच्या (अमेरिकी औषधसंहिता) साइटवरचा डेटाबेस बघा. तिथे हायड्रोफोबिक सबट्रॅक्शन मॉडेलचे पाच गुण दिलेले असतात आणि दोन कॉलममधलं अंतर एफएस म्हणून निघतं; ३ च्या आत असेल तर बदली बहुधा चालते. बेसिक औषधासाठी पीएच ७ चा सी हा गुण (सिलॅनॉलची बेसवरची पकड दाखवणारा) जुळलाच पाहिजे. पण ते आकडे त्या ब्रँडचे, तुमच्या हातातल्या लॉटचे नव्हेत. कॉलम आला की बेंझिलअमाइनची चाचणी स्वतः चालवा, मगच व्हॅलिडेशनला घ्या.