मदत हवी आहे: न्यूरेक्सिन-न्यूरोलिजिनसाठी उपमा सुचवा

शनिवारी फोंड्यात बारावीच्या मुलांना मराठीतून सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला संदेश देण्याचा सांधा, समजावायचाय. प्रोजेक्टर नाही, फळाच. अलीकडच्या (संदेश पाठवणाऱ्या) चेतापेशीवर न्यूरेक्सिन, पलीकडच्या (संदेश घेणाऱ्या) पेशीवर न्यूरोलिजिन, ही एकमेकांना धरणारी प्रथिनं, मधे फट, इथवर चित्र जमलं. टिचबटणाची उपमा भाचीवर वापरून पाहिली. ती म्हणाली, "म्हणजे बटण तुटलं की जोडणी सुटली?" तिथेच अडलो. कारण २००६ च्या प्रयोगात न्यूरोलिजिनचे १, २, ३ हे प्रकार काढलेल्या उंदरांत सिनॅप्स जवळपास तेवढेच होते, संदेशवहन मात्र बिघडलेलं. पिल्लं जन्मल्यावर लगेच दगावली. गोंद-डिंक सुचवू नका, ते नुसतं चिकटवतात. फेरीबोट धक्क्याला लागते ते मनात आलंय (फळी नीट टेकली नाही तर स्कूटर उतरणार कशी!), पण त्यात एकमेकांना ओळखणं येत नाही. ओळख आणि जोडणीची जडणघडण, दोन्ही दाखवणारी इथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली उपमा कोणती?