निखाऱ्यावरच्या मासळीला विकतचा रब लावावा की घरी केलेला मसाला?

ओवा_भांबुर्डा (अलिबाग)

आमच्या भागात वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, लागते. अलीकडे मागीलदारी लोखंडी जाळीच्या शेगड्याही पेटू लागल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर बार्बेक्यूच्या तयार कोरड्या मसाल्यांची, म्हणजे ‘रब’ची, पाकिटे घराघरांत आली आहेत. माझे मत स्पष्ट आहे: कोकणातल्या विस्तवावर, विशेषतः मासळीसाठी, हा मसाला घरीच केलेला बरा.

पहिले कारण आचेचे आहे. रबची जी पद्धत अमेरिकेच्या दक्षिण भागात रुजली, ती डुकराच्या खांद्याच्या किंवा गाईच्या छातीच्या मोठ्या तुकड्यांसाठी आहे. हे मांस झाकणाखाली, साधारण 110 ते 120 अंश सेल्सिअसच्या धिम्या आचेवर आणि धुरावर कित्येक तास ठेवले जाते. एवढ्या आचेला साखर जळत नाही, उलट मांसावर गडद, चविष्ट कवच धरते. म्हणूनच मेम्फिस किंवा कॅन्सस सिटीच्या धर्तीच्या मिश्रणांत ब्राउन शुगर सढळ हाताने घातलेली असते. आपण मात्र करवंट्यांच्या धगधगत्या निखाऱ्यांवर अख्खा बांगडा थेट ठेवतो आणि थोड्याच मिनिटांत उतरवतो. तिथे साखर 160 अंशांच्या पुढे सहज जाते आणि आतला मासा शिजण्याआधीच बाहेरून काळी व कडू होते.

दुसरे कारण मिठाचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. पाकिटावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. ती यादी वाचलीत तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन नावांत मीठ आणि साखर दिसेल. सोडियमचा आकडा दिलेला असल्यास त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मिठाचे प्रमाण कळते. 100 ग्रॅममध्ये 12,000 मिलिग्रॅम सोडियम असेल तर त्यात सुमारे 30 ग्रॅम मीठ आहे. अशा मिश्रणात तिखट वाढवायचे झाले की खारटपणाही वाढतो, आणि मीठ बेताचे ठेवायचे झाले की मसाला अपुरा पडतो. हे दोन्ही हात एकत्र बांधून घेण्याचे काही कारण नाही.

आणि आमच्या पोपटीकडे पाहा. शेंगांना ओवा आणि जाडे मीठ, वर भांबुर्ड्याचा पाला, बस. बाकीचे काम मडके आणि जाळ करतात.

पाहुण्यांची_ओसरी (गुहागर)

आचेचा मुद्दा योग्य आहे, परंतु तो साखर असलेल्या मिश्रणांपुरता आहे. मध्य टेक्सासच्या पद्धतीत मुख्यतः मीठ आणि भरड काळी मिरीच वापरतात. साखर नसलेली मिश्रणे आपल्याकडेही मिळतात. पाकीट निवडताना यादी वाचणे हे पाकीट नाकारण्यापेक्षा सोपे नाही का?

मी घरी पाहुण्यांची सोय करते, त्यामुळे माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मागच्या मुक्कामात आवडलेली चव पाहुण्यांना पुढच्या खेपेलाही तशीच हवी असते. घरच्या मसाल्यात त्या वर्षीची मिरची कशी निघाली, भाजताना हात किती चालला, यावर सगळे अवलंबून राहते. शिवाय आपल्या हवेचा विचार करा. लसणाची आणि कांद्याची पूड जूनपासून ओल ओढून दगडासारखी होते. पाकिटातल्या मिश्रणात गाठी न होण्यासाठी सिलिकॉन डायऑक्साइडसारखा पदार्थ घातलेला असतो, आणि माझ्या दृष्टीने ती सोय आहे, दोष नव्हे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. घरचा म्हणून जो मालवणी मसाला लोक चिकनला चोपडून थेट जाळीवर ठेवतात, तो आधीच खमंग भाजून कुटलेला असतो. धणे, खसखस, दगडफूल, बडीशेप हे सगळे दुसऱ्यांदा निखाऱ्यावर पडले की करपते. तेव्हा जळण्याचा आरोप एकट्या साखरेवर नको. तो मसाला रश्शासाठी आहे, विस्तवासाठी नाही.

तिरफळ (मालवण)

मालवणी मसाल्याबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, मात्र त्यातून पाकिटाची बाजू सिद्ध होत नाही. निखाऱ्यासाठी वेगळा, कच्चाच मसाला घरी कुटावा एवढेच सिद्ध होते. बांगड्याला तिरफळ, म्हणजे कोकणातले ते झणझणीत वासाचे मसाल्याचे फळ, लागते. त्याच्या आतली काळी बी टाकून केवळ वरची साल भरड कुटायची, तिच्याबरोबर मिरी, थोडी बडीशेप आणि रंगासाठी बेडगी मिरची. तेलकट मासळीच्या वासाला तिरफळासारखा उतारा दुसरा नाही आणि तो मी कोणत्याही बार्बेक्यूच्या पाकिटात पाहिलेला नाही, कारण ते मिश्रण करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बांगडा नव्हताच. पापलेटला हेच तिरफळ नको, तिथे हळद, मीठ आणि मिरी पुरे. सुरमईची गोष्ट पुन्हा निराळी. एकच पूड सगळ्या मासळीला लावायची म्हटल्यावर सगळ्या मासळीची चव एक होते, आणि हे मला किनाऱ्यावर राहून पटत नाही.

कुटलेल्या मिरीचा सुगंध उडून जायला वेळ लागत नाही. दुकानात महिनोन्महिने राहिलेल्या पुडीत तिखटपणा उरतो, वास उरत नाही.

प्रयोगशाळेतली_बरणी (रत्नागिरी)

अन्नपदार्थांच्या तपासणीच्या कामाशी माझा संबंध असल्यामुळे चवीच्या वादात न पडता शुद्धतेबद्दल लिहितो, कारण ‘घरचे म्हणजे निर्भेळ’ हे गृहीतक या चर्चेत लवकरच येईल असे दिसते.

विकतच्या मसाल्यांविषयीची शंका निराधार नाही. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने भारतातून गेलेल्या काही मसाला मिश्रणांत इथिलीन ऑक्साइड हे घातक रसायन आढळल्याचे जाहीर केले होते. त्याआधी 2003 साली युरोपीय संघाने आयात मिरचीची सुदान-1 या खाण्यास अयोग्य कृत्रिम रंगासाठी तपासणी सक्तीची केली होती. मात्र या गोष्टी उघडकीला आल्या त्या माल तपासला गेला म्हणून. घरच्या बरणीची तपासणी कोणी करत नाही. मिरची नीट न वाळता पावसाळी हवेत राहिली तर तिच्यावर बुरशी धरते, त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते आणि ते भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. सुटी मिरचीपूड आणून घरी मिसळली तर त्याला घरचा मसाला म्हणण्यात काही अर्थ नाही. पुडीतली भेसळ डोळ्यांना दिसत नाही. अख्खी मिरची, अख्खे धणे आणून, निवडून, एप्रिल-मेच्या कडक उन्हात खुळखुळ वाजेपर्यंत वाळवून मगच कुटणार असाल, तर घरच्या मसाल्याची बाजू खरोखर भक्कम होते. तेवढे होणार नसेल, तर बॅच क्रमांक आणि तारीख असलेले पाकीट अधिक सुरक्षित आहे असे मी म्हणेन.

ओवा_भांबुर्डा (अलिबाग)

आपला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, तयारीत आमच्याकडे मिरची अशीच वाळवली जाते. हिंगाचे खडे घातलेली बरणी पावसाळा काढते. गाठी होतात त्या लसूण-कांद्याच्या पुडीच्या, आणि ताजा लसूण ठेचून लावता येत असताना पुडीची गरजच काय?

गुहागरच्या ताईंनी सातत्याचा प्रश्न उपस्थित केला आहे, त्याचे उत्तर माझ्या मते वजनकाट्यात आहे. एक किलो चिकनला 12 ग्रॅम मीठ आधी चोळून काही तास ठेवावे, कारण मीठ मांसात खोलवर शिरते, तर मिरची-मिरी बहुतांशी पृष्ठभागावरच राहतात. मसाला नंतर, जाळीवर ठेवण्याआधी, तेलाच्या बोटाने पातळ लावावा. मासळीला मीठ अर्ध्या तासाहून जास्त लागू देऊ नये. कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घालून काढलेला घट्ट रस, लावणार असाल तर मीठ आणखी कमी करावे, कारण आगळात ते आधीच असते. ही मापे वहीत लिहून ठेवली की दर वेळी चव तीच येते आणि तिखट कितीही वाढवले तरी मीठ जागचे हलत नाही.

पाहुण्यांची_ओसरी (गुहागर)

मीठ आधी आणि मसाला नंतर, ही पद्धत मी नक्की अवलंबीन, आणि बांगड्याला तिरफळ हवे याबद्दल माझा वाद नाही. तरीही झाकणाच्या शेगडीत, निखारे एका बाजूला सारून, कोंबडीच्या तंगड्या मी तास-सव्वा तास ठेवते, तिथे पाकिटातला गोडसर मसाला जळत नाही आणि मुलांना तोच आवडतो. त्या पदार्थासाठी मी पाकीट सोडणार नाही.

आपल्याकडे कितीतरी बचतगट उत्तम मसाले कुटतात. त्यांच्यापैकी कोणी निखाऱ्यासाठी न भाजलेला, मीठ आणि साखर अजिबात न घातलेला मसाला लहान पाकिटांत, घटकांची यादी आणि कुटल्याची तारीख छापून दिला, तर तिरफळाचा एक आणि तिरफळाशिवाय एक असे दोन्ही मी नियमित घेईन. मालवणात असे कोणी करत असेल तर कृपया इथे लिहावे.

तिरफळ (मालवण)

बिनमिठाचा मिळतो, पण भाजलेलाच. न भाजलेला हवा असेल तर मिरची वाळलेली असतानाच, म्हणजे मे संपायच्या आत, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, वेगळा कुटून मागावा लागेल. यंदा आमच्या मसाल्याबरोबर तिरफळ घातलेला तसा एक घाणा मी कुटून घेणार आहे.