पीएचपी ॲप्लिकेशनमधील सीएसएस आणि जावास्क्रिप्ट फाइली एकत्र कराव्यात का?

प्रश्न (सोलापूर):
चादरी आणि टॉवेलांच्या घाऊक मागणीसाठी आम्ही पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत) ॲप्लिकेशन चालवतो. प्रत्येक पानावर 9 सीएसएस (पानाचे रूप ठरवणाऱ्या) आणि 14 जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टच्या) फाइली येतात, त्यामुळे अक्कलकोट, मंगळवेढ्याकडील दुकानदारांना मोबाइलवर ताटकळावे लागते. त्या पीएचपीतूनच जोडून, आकार कमी करून पाठवाव्यात का?

उत्तर 1:
जोडाव्यात, परंतु प्रत्येक विनंतीच्या वेळी नव्हे. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवतानाच संयुक्त फाइल तयार करावी आणि तिच्या नावात मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा छोटा संकेतांक) घालावा, म्हणजे ब्राउझरला ती वर्षभर साठवण्यास सांगता येते आणि मजकूर बदलताच नवे नाव जुन्या प्रतीची अडचण दूर करते. सीएसएसमधील चित्रांचे सापेक्ष पत्ते त्या फाइलच्या जागेवरून ठरतात; फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली की चित्रे दिसेनाशी होतात, म्हणून ते पत्ते बदलून घ्यावेत. जोडताना फाइलींचा मूळ क्रमही जपावा.

उत्तर 2:
आधी सर्व्हरवर जीझिप (फाइली दाबून लहान करून पाठवण्याची पद्धत) सुरू आहे का ते पाहावे. माझ्या मते पहिला लाभ तिथेच आहे. 2015 मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/2 मध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीच्या नियमांची आवृत्ती) एकाच जोडणीवरून अनेक फाइली समांतर येतात, त्यामुळे सर्व काही एकाच फाइलीत कोंबण्याची निकड उरलेली नाही. व्यवस्थापकाच्या अहवालांची स्क्रिप्ट दुकानदाराच्या मोबाइलवर मुळीच पाठवू नये.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. सुट्या असताना चालणाऱ्या स्क्रिप्ट जोडल्यावर मात्र चूक दाखवतात.

उत्तर 1:
एखाद्या फाइलीच्या शेवटी अर्धविराम (;) राहून गेला असेल. जोडताना प्रत्येक दोन फाइलींमध्ये नवी ओळ आणि अर्धविराम घालावा.