झेडपी शाळेच्या आवारात सावली करायचीय, पैसा कुठल्या हेडमधून आणायचा?

पालक_बीड
नमस्कार मंडळी. पहिली ते चौथी शाळा, पट 64, मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. आवारात एक कडुनिंब सोडला तर सगळं उघडं, मार्चमध्ये सकाळची शाळा झाली तरी सुटेस्तोवर पोरांचे पाय भाजतात आणि जुलैत तिथंच तळं. सरपंच म्हणतात पेव्हर ब्लॉक टाकून देतो, विषय संपला. आम्हाला झाडं हवीत, पाणी मुरायला हवं. पण बाई म्हणतात संयुक्त शाळा अनुदान येतं 25 हजार, त्यात लाइट बिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळंच, उरणार काय? कुणी केलंय का असं काही?

माजी_सरपंच
झाडं म्हणून मागाल तर सगळे मान डोलावतील आणि पैसे कुणी देणार नाही. पाणी म्हणून मागा. पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीला जो निधी आला त्यात 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा, आणि पावसाचं पाणी साठवणं त्यातच बसतं. छताचे पन्हाळे, टाकी, शोषखड्डा, हातधुण्याच्या पाण्याचा पाट झाडांकडे, हे सगळं त्यात लिहा. फक्त काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात पाहिजे, नाहीतर ग्रामसेवक दमडी काढू शकत नाही. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला समितीचा ठराव घेऊनच जा, तोंडी बोललेलं प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, येत नसतं.

गुरुजी_निवृत्त
माजी सरपंचांशी सहमत. हिशोब पण जोडा ठरावाला. छत समजा 150 चौरस मीटर, पाऊस 600 मिमी, तर 90 हजार लिटर पडतं, गळती-बिळती धरून 80 टक्के म्हणजे 72 हजार. एवढी मोठी टाकी परवडत नाही म्हणून थोडं साठवायचं बाकी मुरवायचं. आणि रोपं जवळपास फुकटात मिळतात हो, वनविभागाच्या नाहीतर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत अगदी नाममात्र दरात, खरा खर्च कुंपणाचा आणि मे महिन्याच्या पाण्याचा आहे. शाळेला सुट्टी, गेट उघडं, शेरडं आत. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप लावून फोटो काढणाऱ्या शाळा मी भरपूर पाहिल्यात 😄 लावा कडुनिंब, करंज, चिंच. गुलमोहर नको, वादळात फांद्या मोडतात.

राधाची_आई
मला पटत नाही सगळं. आमच्या शाळेत पेव्हर नव्हते तेव्हा पोरं गुडघाभर चिखलातून वर्गात यायची, कपडे धुऊन बघा मग कळेल.

गुरुजी_निवृत्त
@राधाची_आई ताई, गेटपासून वर्गापर्यंत आणि झेंड्यापुढे टाका की पेव्हर, कोण नाही म्हणतंय. बाकी मैदान उताराने काढून मुरूम अंथरा, खेळताना पडलं तरी कमी लागतं.

एमआयडीसीवाला
सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा, तो पण बघा. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली ठराविक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात आणि कारखान्याजवळच्या गावाला प्राधान्य द्यायची पद्धत आहे. फेब्रुवारीत जाऊ नका, तोवर बजेट वाटून झालेलं असतं. आणि पत्रात नुसती 'वृक्षारोपणास मदत' नको, तीन वर्षांची देखभाल, पाणी घालणाऱ्या माणसाचं मानधन, तारेचं कुंपण असं वेगवेगळं लिहा. त्यांना बोर्डावर नाव पाहिजे असतं, द्या, आपलं काय जातं.

पालक_बीड
लई भारी, धन्यवाद सगळ्यांना. पेव्हरचं अर्धं-अर्धं सरपंचांना पटेल बहुतेक. माजी सरपंच, एक सांगा, आमची इमारत झेडपीच्या मालकीची आहे, छताला पन्हाळे लावायला ग्रामपंचायतीचा पैसा चालतो का? का आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं ना-हरकत लागेल?

माजी_सरपंच
ना-हरकत घ्याच, ऑडिटला तेच पहिलं मागतात. अंदाजपत्रक झेडपी बांधकाम विभागाच्या शाखा अभियंत्याकडून करून घ्या, अर्ज आत्ताच टाका, त्याची सही मिळायलाच वेळ लागतो.