मनगटात दबलेली नस : कार्पल टनेलचे आणि ऑपरेशनचे अनुभव लिहा

कार्पल टनेलचा त्रास झालेल्या, ऑपरेशन केलेल्या आणि ऑपरेशन टळलेल्याही सगळ्यांनी इथे मोकळेपणाने लिहावं. माझ्या ओळखीत हा त्रास असलेल्या कितीतरी बायका ‘अशक्तपणा असेल, बी-ट्वेल्व्ह कमी असेल’ म्हणत वर्षं काढतात. त्यांना वेळेत कळावं ही मनापासूनची इच्छा.

आधी थोडक्यात दुखणं. मनगटाशी छोट्या हाडांचा खोलगट भाग असतो आणि त्यावर एक जाड आडवा पडदा (लिगामेंट) ताणून बसवलेला असतो. या बोळातून (हाच कार्पल टनेल) बोटं मिटवणारे 9 स्नायुबंध आणि मीडियन नर्व्ह ही एक नस जाते. आत सूज आली तर हाडं हलत नाहीत, पडदा ताणत नाही. चेपली जाते ती नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, त्यामुळे ती शाबूत राहते. डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न करंगळीचाच विचारला होता.

मी शिक्षिका आहे. पेपर तपासताना पेन निसटायचं, रात्री हात झटकत उठून बसायचे. एनसीव्ही टेस्टमध्ये (नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते बघणारी तपासणी) नस बरीच दबल्याचं निघालं. रात्री पट्टा लावून काही महिने पाहिले, फरक पडेना, मग उजव्या हाताचं ऑपरेशन केलं. फक्त हातापुरती भूल. खरं दुखतं ते तळहातातलं भुलीचं इंजेक्शन, आणि रक्त थांबवायला दंडाला आवळलेला पट्टा. कापणं अजिबात कळलं नाही. तळहाताच्या मुळाशी छोटा छेद घेऊन तो पडदा कापतात, नसेला हातही लावत नाहीत. पडदा पुढे भरून येतो, पण सैल होऊन, म्हणून जागा राहते. त्याच रात्री मुंग्यांनी जाग आली नाही. बोटांच्या टोकांचा बधिरपणा मात्र फार सावकाश गेला.

शिवणकाम, सांगली

ताई, माझं काम बोटांवर चालतं. कापड चिमटीत धरलं की सुती आहे की टेरीकॉट, हे बघावं लागत नसे. ते कळेनासं झालं तेव्हा मी घाबरले. सुई बोटात आहे की खाली पडली, तेही डोळ्यांनी बघायचं. ऑपरेशननंतर टाके निघाले, मला वाटलं झालं. पण कात्री धरली की तळहाताच्या दोन्ही कडांना, मुळाशी, असं दुखायचं की डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले हे पुष्कळांना होतं, काही महिन्यांत जातं. तसंच झालं. पण लग्नसराईच्या तोंडावर ऑपरेशन करू नका, कापड बेतणं लवकर जमत नाही.

ऑपरेशन टळलं, पुणे

मला सातव्या महिन्यात सुरू झालं, दोन्ही हात. गरोदरपणात अंगात पाणी साठतं त्याने होतं. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री लावायचे. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आपोआप गेलं. माझ्या जावेला मात्र थायरॉईड निघालं, गोळी सुरू झाल्यावर तिचे हात सुधारले. म्हणून आधी थायरॉईड आणि शुगर बघून घ्या.

आईबद्दल लिहितोय, नागपूर

आईला मधुमेह. हाताच्या मुंग्यांना सगळे ‘मानेचं आहे’ म्हणायचे. मानेला पट्टा, शेक, ट्रॅक्शन, यात वर्षं गेली. एक दिवस तिला ब्लाउजचे हुक लावता येईनात. बहिणीने दोन्ही तळहात शेजारी ठेवून बघितले, तर उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा बसून तिथे खळगा पडला होता. सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं, ‘दुखणं थांबवू, गेलेला स्नायू परत येईल असं वचन देत नाही.’ तसंच झालं. आई आता शांत झोपते, पण हुक मीच किंवा बायको लावतो. हा अनुभव वाचून कुणी तरी लवकर एनसीव्ही करून घेतली तर मला खूप बरं वाटेल.

फिजिओथेरपिस्ट, ठाणे

काका, मान आणि मनगट दोन्हींचा त्रास एकत्र असणारेही पेशंट येतात, म्हणून गोंधळ होतो. दोन-तीन गोष्टी सांगते. पट्टा मनगट सरळ ठेवणारा हवा. वर वळवणारा असेल तर दाब वाढतोच. ऑपरेशननंतर हात गळ्यात अडकवून बसू नका, बोटं पहिल्या दिवसापासून उघड-मीट करा, हात उंचावर ठेवा. दुर्बिणीने केलं तर कामावर थोडं लवकर जाता येतं, खर्च जास्त येतो, पण पुढे जाऊन दोन्हींचा निकाल सारखाच. आणि पडून मनगट मोडल्यावर हात झपाट्याने बधिर होऊन असह्य ठणका लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

बँक, रत्नागिरी

मी स्टिरॉईडचं इंजेक्शन घेतलं. काही महिने छान गेले, मग पुन्हा सुरू. शुगर असलेल्यांनी लक्षात ठेवा, इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढते. मला तपासत राहायला सांगितलं होतं. आता ऑपरेशनचा विचार आहे. दोन्ही हात एकदम करावेत का?

धागाकर्ती

दादा, माझ्या मते नको. टाके असेपर्यंत हात ओला करायचा नसतो. आंघोळ, वेणी, शौचाला जाणं, सगळं दुसऱ्या हातावर येतं. माझा डावा मी दिवाळीच्या सुट्टीत करणार आहे. एकदम दोन्ही केलेलं कुणी असेल तर घरचं कसं निभावलं ते जरूर लिहा, आणि पोळ्या लाटायला, कपडे पिळायला कधी सुरुवात केली तेही सांगा.